'पण', 'ना', 'हो', 'की': सारखे दिसणारे छोटे शब्द ओळखायचे कसे आणि त्यांचं मूळ शोधायचं कसं

'अनाकलनीय' किंवा 'स्थितप्रज्ञ' यांच्यासारखे शब्द नवख्या माणसाला फार त्रास देत नाहीत. कोश उघडला, अर्थ सापडला, काम झालं. छळतात ते एक-दोन अक्षरांचे शब्द. 'ना' शोधायला जावं तर कोशात एकाखाली एक अर्थ, 'पण'च्या तीन वेगळ्या नोंदी, आणि समोरच्या वाक्यात त्यातला नेमका कुठला बसलाय हे कोश सांगत नाही. मुद्रितशोधन शिकताना मी या शब्दांत पुष्कळ अडखळले. पुढे मोठ्या वयात मराठी शिकणाऱ्यांना मदत करू लागले, तेव्हा त्यांचे प्रश्नही इथेच येऊन थांबायचे. ज्या क्रमाने गेलं की गोंधळ कमी होतो, तो क्रम इथे देते आहे. मुद्रितशोधक, उपशीर्षकं लिहिणारे, अनुवादक, शिक्षक किंवा नुसतीच भाषेची ओढ असलेलं कुणीही तो वापरू शकेल.

एक गोष्ट आधीच मनाशी धरा. दिसणं सारखं म्हणजे नातं आहे, असं नाही. या शब्दांची ओळख त्यांच्या वाक्यातल्या जागेवरून पटते आणि मूळ त्यांच्या जुन्या रूपावरून. आजच्या अक्षरांकडे टक लावून बसलात तर हमखास फसाल.

जवळ काय असू द्यावं

- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, 1857 ची दुसरी आवृत्ती. शब्दापुढच्या कंसात रोमन 'एस' असेल तर संस्कृत, 'पी' असेल तर फारसी, 'ए' असेल तर अरबी, 'एच' असेल तर हिंदुस्तानी.
- दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' (1932 ते 1938). शेवटी चौकटी कंसात मूळ दिलेलं असतं. तिथे 'ध्व.' दिसलं तर शब्द ध्वनीवरून आलेला आहे.
- कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' (1946).
- शुद्धलेखनाचे नियम. मराठी साहित्य महामंडळाचे 14 नियम 1962 साली मान्य झाले, 1972 मध्ये 4 वाढले, असे एकूण 18.
- एक वही. शब्दांची यादी करण्यापेक्षा अख्खी वाक्यं उतरवायला.

पहिले दोन कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. मात्र शोधताना जुनं लेखन वापरा. 1962 पूर्वी उच्चारात नसलेले अनुस्वारही लिहीत असत, त्यामुळे 'नाही' हवा असेल तर 'नाहीं', 'की' हवा असेल तर 'कीं' घालून पाहावं लागतं. 'बरं' तर 'बरा'च्या पोटात सापडेल. कोशात शब्द नाही म्हणून हात टेकणारे बरेच जण नव्या लेखनानेच शोधत असतात.

1. आधी वाक्य मोठ्याने वाचा

हे सोपं वाटतं म्हणून लोक गाळतात. गाळू नका. 'हा', 'हां', 'हं' आणि 'हूं' कागदावर एका घरचे दिसतात, पण तोंडातून बाहेर पडले की चार वेगळी कामं करतात. 'हा' बहुतेक वेळा दर्शक सर्वनाम: हा मुलगा, हा रस्ता. 'हां' म्हणजे कळलं किंवा मान्य: 'हां, आलं लक्षात.' 'हं' बजावतो, कधी मायेनं, कधी जरबेनं: 'पडशील हं!' आणि 'हूं' नाइलाजाचा होकार. 'हूं की चूं न करता' या वाक्प्रचारात तोच आहे. उपशीर्षकांत 'हा, आता कळलं' असं लिहिलेलं वारंवार दिसतं. तिथे 'हां' हवा. एका अनुस्वारानं होकाराचा 'हा मुलगा'तला 'हा' होऊन बसतो.

2. शब्दाचं काम ठरवा: काढून पाहा, बदलून पाहा

शाळेत केवलप्रयोगी अव्ययांचे प्रकार पाठ करून घेतात: हर्षदर्शक, शोकदर्शक, आश्चर्यदर्शक वगैरे. परीक्षेला ते उपयोगी असतील. प्रत्यक्ष कामात त्यांचा आधार तोकडा पडतो, कारण एकच 'अरे' आश्चर्याचाही असतो, रागाचाही आणि नुसत्या हाकेचाही. त्यापेक्षा दोन साध्या कसोट्या लावा.

पहिली कसोटी: शब्द काढून टाका आणि काय होतं ते बघा. 'ना' घेऊ.

- 'येशील ना?' 'ना' काढला तरी वाक्य उभं राहतं, फक्त आर्जव जातं.
- 'मला ना, आज कुठेच जावंसं वाटत नाही.' इथेही काढता येतो. ऐकणाऱ्याचं लक्ष धरून ठेवणं एवढंच त्याचं काम.
- 'गाडी सुरू होईना.' काढला की अर्थच पालटतो. हा नकार आहे आणि क्रियापदाला चिकटलेला आहे.
- 'ना धड इकडे, ना धड तिकडे.' हाही नकारच, पण सुटा आणि जोडीने येणारा.
- 'मुलांना', 'चालताना'. हे शब्दच नव्हेत, प्रत्यय आहेत. काढले की वाक्य मोडतं.
- 'नाराज', 'नापसंत', 'नालायक'. इथला 'ना' फारसी उपसर्ग आहे.

शेवटच्या गटात एक सापळा आहे. 'नास्तिक' या रांगेत बसवू नका. तो संस्कृत 'न अस्ति'वरून आला आहे, फारसी 'ना'शी त्याचा संबंध नाही. आणि 'नाही'ला अव्यय समजू नका. तू नाहीस, ते नाहीत, असा तो चालतो. चालणारा शब्द अव्यय कसा असेल?

दुसरी कसोटी: त्याच जागी दुसरा शब्द घालून पाहा. 'आज की उद्या?' मध्ये 'किंवा' बसतो. 'तो म्हणाला की उशीर होईल' मध्ये बसत नाही. 'आलास की कळव' मध्ये 'की'च्या जागी 'म्हणजे' चालतो. 'चल की!' मध्ये यातलं काहीच चालत नाही, फार तर 'ना' चालेल. झाले चार 'की' वेगळे.

'म्हणे'लाही हीच कसोटी लावा. 'तो म्हणे आजारी आहे' यात 'म्हणे' म्हणजे ऐकीव बातमी, बोलणारा हमी घेत नाही. 'आजी म्हणे, लवकर निजावं' यात ते साधं क्रियापद. दोन्हींचं मूळ एकच, 'म्हणणे', आणि त्याच्यामागे संस्कृत 'भण्'. मूळ एक असूनही कामं दोन झाली. म्हणून मुळाआधी काम ठरवायचं.

3. जोडून की तोडून?

मला विचाराल तर या शब्दांतली सगळ्यात महागात पडणारी चूक मोकळ्या जागेची असते, आणि संगणकाचा शुद्धलेखन-तपासनीस ती पकडत नाही, कारण दोन्ही बाजूंचे शब्द खरे असतात.

'ही' पाहा. 'मीही वही घेतली' म्हणजे इतरांसारखी मीसुद्धा घेतली. 'मी ही वही घेतली' म्हणजे ही, ती नव्हे. पहिला 'ही' आधीच्या शब्दाला चिकटतो, दुसरा सर्वनाम आहे आणि सुटा राहतो. 'च' नेहमी चिकटतो: मीच, आजच, केलंच.

आता 'पण'. याच्यावर थोडा वेळ घालवा, कारण इतका शिकवणारा शब्द क्वचित मिळतो.

- 'आला, पण उशिरा.' इथे 'परंतु'.
- 'मी पण येते.' इथे 'सुद्धा'.
- 'पण लावला', 'पणाला लावलं'. इथे पैज.
- 'बालपण', 'मोठेपण', 'साधेपण'. इथे भाववाचक प्रत्यय.

पहिले दोन एकाच मुळाचे: संस्कृत 'पुनः', त्याचं प्राकृतात 'पुण', पुढे 'पण'. 'पुन्हा, शिवाय' या अर्थापासून एकीकडे 'सुद्धा' आणि दुसरीकडे 'परंतु' अशा दोन वाटा फुटल्या. तिसरा 'पण' संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, पैजेचा. चौथा तर आणखी निराळा. वेदांत '-त्वन' असा भाववाचक प्रत्यय आहे, अपभ्रंशात, म्हणजे प्राकृत आणि मराठी यांच्या मधल्या टप्प्यावरच्या भाषेत, त्याचा 'प्पण' झाला आणि मराठीत 'पण'. बाराव्या शतकातला व्याकरणकार हेमचंद्र याने हा 'प्पण' नोंदवलेला आहे. म्हणजे तीन वेगळी घराणी चालत चालत एकाच दोन अक्षरांवर येऊन पोचली.

आणि मग मोकळ्या जागेची गंमत: 'मीपण सोडलं' म्हणजे अहंकार सोडला. 'मी पण सोडलं' म्हणजे तुझ्यासारखं मीही सोडलं. पानावर एवढीशी फट, आणि अध्यात्माचं वाक्य रोजच्या बोलण्यातलं होऊन जातं.

4. ऱ्हस्व-दीर्घ एकदाच पक्कं करा

नियम छोटा आहे. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, म्हणून 'की', 'ही', 'मी', 'जी', 'तू'. अपवाद दोन अव्ययांचा: 'आणि' आणि 'नि'. संस्कृतातून तशीच घेतलेली अव्ययं ऱ्हस्वच राहतात: परंतु, तथापि, अद्यापि. म्हणजे मराठी वाक्यात 'कि' असं ऱ्हस्व लिहिणं चूक, मग त्या 'की'चं मूळ काहीही असो.

5. जुनं रूप शोधा

काम आणि लेखन ठरलं की मुळाकडे वळा. इथे जुन्या ओव्या आणि अभंग फार उपयोगी पडतात, कारण आज झिजून एका अक्षरावर आलेला शब्द तिथे थोडा लांब असतो.

'च'चंच बघा. संस्कृतातला 'च' म्हणजे 'आणि'. तोच आपला 'च', असं अनेकांना वाटतं. पण 'मीच' म्हणताना 'आणि'चा मागमूस नसतो, उलट बाकीच्यांना वगळलेलं असतं. जुन्या मराठीत 'तोचि', 'तेथेंचि' असा 'चि' दिसतो. त्याच्याही मागे गेलं की प्राकृतात 'चेअ', 'चिअ', 'च्च' ही अवधारणाची, म्हणजे ठासून सांगण्याची अव्ययं भेटतात, आणि त्यांच्यामागे संस्कृत 'चैव', म्हणजे 'च' अधिक 'एव'. ठासण्याचा अर्थ 'एव'चा. 'एव' झिजून गेला, अर्थ मागे ठेवून. षष्ठीचा 'चा-ची-चे' हा याहून वेगळा. तो लिंग-वचनाप्रमाणे बदलतो, 'च' कधीच बदलत नाही.

'हो' दुसरा. 'तू मोठा हो' मधला 'हो' क्रियापद: संस्कृत 'भवति', प्राकृत 'होइ', मराठी 'होणे'. होकाराचा 'हो' त्याच घरचा, 'होय'चं आटोपशीर रूप. 'होय' म्हणजे मुळात 'आहे, तसं असतं'. पण 'लोकहो', 'मित्रहो' यांतला 'हो' या वंशात घालू नका. हेमचंद्राने अपभ्रंशाच्या व्याकरणात संबोधनाच्या बहुवचनासाठी 'हो' हा प्रत्यय सांगितला आहे आणि उदाहरण दिलं आहे 'तरुणहो, तरुणिहो'. आजही सभेत 'मित्रहो' कानावर पडलं की मला ही ओळ आठवते. प्रत्यय असल्यामुळे तो जोडूनच लिहायचा.

'आणि'ही असाच. मागे 'अन्य' आहे, म्हणजे दुसरा. जुन्या मराठीतला 'आणिक' अजून तो अर्थ धरून आहे. 'नि' हे 'आणि'चं आखडलेलं रूप. 'निवास', 'निबंध' यांतला 'नि' संस्कृत उपसर्ग, त्याचा इथे संबंध नाही. 'जर' आणि 'तर' यांच्यामागे 'यर्हि' आणि 'तर्हि', तर 'उच्चतर'मधला 'तर' तुलनेचा प्रत्यय.

6. फारसी-अरबी दार ठोठावल्याशिवाय निकाल देऊ नका

एक-दोन अक्षरी शब्द म्हणजे अस्सल देशी किंवा संस्कृतच असणार, अशी एक समजूत असते. ती सोडा.

'व', 'वा' आणि 'वा!' शेजारी शेजारी ठेवा. 'राम व श्याम' मधला 'व' फारसी-अरबीतून आलेला आहे. बोलताना आपण 'आणि' म्हणतो किंवा 'नि' म्हणतो. 'व' अजूनही मुख्यतः लिहिण्यातच आहे. 'किंवा', 'अथवा' यांतला 'वा' संस्कृत, अर्थ विकल्पाचा. आणि 'वा! काय गायली!' मधला 'वा' फारसी 'वाह'. त्याच्यावरून 'वाहवा'.

'शाबास' फारसी 'शाद बाश'वरून, म्हणजे 'आनंदी राहा'. 'अलबत' अरबी. 'बरोबर', 'बरबाद', 'बरखास्त' तिन्ही फारसी, आणि 'बरं'शी त्यांचं दिसण्यापलीकडे नातं नाही. 'बरं' हे 'बरा-बरी-बरं' यातलं नपुंसकलिंगी रूप. उद्गार म्हणून वापरलं तरी त्याचा अनुस्वार सुटत नाही. 'बर, निघतो' असं लिहू नका.

'की'च्या बाबतीत मात्र उलट्या बाजूनेही सावध राहायला हवं. 'तो म्हणाला की' मधला 'की' फारसी 'कि'शी जोडला जातो, म्हणून काही जण सगळेच 'की' फारसीच्या खात्यावर टाकतात. विकल्पाचा 'कीं' 1290 च्या ज्ञानेश्वरीत आहे, आणि त्याच्यामागे संस्कृत 'किम्' आहे. कसोटी क्रमांक 2 मध्ये वेगळे केलेले 'की' इथे वेगळेच ठेवा.

7. हाकेचे शब्द: कुणाकडे बोट आहे ते पाहा

'अरे-रे', 'अगं-गं', 'अहो-हो'. या जोड्या आहेत. लांब रूप वाक्याच्या सुरुवातीला, आखूड मागाहून: 'अगं, ऐक' आणि 'ऐक गं'. तिन्ही ऐकणाऱ्याकडे बोट दाखवतात. 'ती कुठे गेली रे?' यात 'रे' आहे म्हणून 'ती'चं काही बिघडत नाही. प्रश्न मुलाला विचारलाय, एवढंच. नवशिक्यांना नेमकं हेच कळायला वेळ लागतो, कारण ते जुळणी कर्त्याशी शोधतात.

याच्या उलट 'बाई' आणि 'बुवा'. 'मला नाही बाई जमणार', 'मला नाही बुवा जमणार'. इथे बोट बोलणाऱ्याकडे वळलेलं असतं. पहिलं वाक्य बाईच्या तोंडचं, दुसरं पुरुषाच्या. नुसत्या लिखित संवादावरून कोण बोलतंय ते यावरून कळतं. अनुवाद करताना हा धागा सोडू नका.

'बाप रे', 'अगंबाई' यांत मात्र हाक उरलेली नाही. ती नुसत्या आश्चर्याची रूपं झाली आहेत. तिथला 'रे' पाहून समोर पुरुष आहे असं धरून चालू नका.

'अरे'च्या मुळाबद्दल एक सुंदर गोष्ट. संस्कृतातही 'अरे' आहेच, पण तिथे तो पुरुषाशी बांधलेला नाही. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला, म्हणजे आपल्या पत्नीला, 'अरे' म्हणूनच समजावतो: 'आत्मा वा अरे द्रष्टव्यः'. स्त्री-पुरुषांची वाटणी ही पुढची, मराठीची. याच वाक्यातला 'वा' पाहून 'किंवा' असा अर्थ लावू नका. तो 'वै' आहे, 'खरोखर' अशा अर्थाचा. पुढच्या 'अरे'शी संधी होऊन त्याचा 'वा' झालाय.

संस्कृत 'अहो' आणि मराठी 'अहो' यांचीही अशीच फारकत आहे. तिकडे तो विस्मयाचा, इकडे आदराने हाक मारण्याचा.

8. काही शब्दांना पूर्वज नसतो, ते मान्य करा

'हुश्श', 'अबब', 'छट्', 'शी', 'च्च'. हे तोंडातून निघालेले आवाज आहेत. कोशात 'ध्व.' दिसलं की थांबा, ओढून-ताणून संस्कृत धातू शोधू नका. त्यांच्यातला फरक मात्र नीट टिपा. 'छे' नाकारतो: 'छे, तसं काही नाही.' 'छी' आणि 'शी' किळस दाखवतात. 'छे'च्या जागी 'छी' पडला तर साधा नकार अपमान होतो.

या आवाजांची पुढची पिढी असते आणि ती पाहण्यासारखी असते. 'च्च'ची 'चुकचुक' झाली, 'हाय'वरून 'हाय खाणे' आलं. 'धिक्कार'मध्ये संस्कृत 'धिक्' हा उद्गार जसाच्या तसा बसलेला आहे, 'हुंकार'मध्ये 'हुम्'.

9. एक वाक्य सोडवून पाहा

'अहो, मी पण म्हणालेच ना, की मित्रहो, जरा थांबा हं!'

'अहो': आदराची हाक, ऐकणाऱ्याकडे. 'पण': सुटा, 'सुद्धा'च्या अर्थी, मागे 'पुनः'. 'च': जोडलेला, जुना 'चि', मागे 'चैव'. 'ना': काढता येतो, दुजोरा मागणारा. 'की': 'किंवा' बसत नाही, म्हणजे फारसीशी जोडला जाणारा, लेखनात दीर्घ. 'हो': प्रत्यय, अपभ्रंशातला. 'हं': बजावणीचा, अनुस्वार आवश्यक.

वहीत अशीच वाक्यं उतरवत चला, प्रत्येक शब्दापुढे आधी काम, मग लेखन, मग मूळ. मूळ सापडलं नाही तर ती जागा कोरी सोडा, अंदाजाने भरू नका. सरावाला 'का', 'मग' आणि 'जी' घ्या. 'का'पासून सुरुवात करा: 'येतोस का?' आणि 'का येतोस?' या दोन वाक्यांना कसोटी क्रमांक 2 लावली की पुढचं आपोआप सुचेल.